स्विचिंग ॲम्प्लिफायर मोजायचा कसा: डमी लोडपासून रेडिओच्या शिट्टीपर्यंत

गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी मोहल्ल्यातल्या मंडळाचा एक पोरगा पिशवीत ॲम्प्लिफायर घालून माझ्याकडे आला. नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेला तयार बोर्ड, सोबत २४ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेपासून डीसी बनवणारा पुरवठा), आणि डब्यावर ठळक अक्षरांत १०० प्लस १०० वॅट. त्याचा प्रश्न साधा होता. "भाऊ, बोर्ड तर शंभराचा आहे, मग आवाज फाटून का राहिला?"

सोल्डरिंग गन गरम करायच्या आधी मी कागद घेतला. अशा बोर्डांत स्पीकरची दोन्ही टोकं चिपने चालवलेली असतात, त्याला ब्रिज जोडणी म्हणतात. त्यात स्पीकरवर येऊ शकणारं सर्वांत मोठं शिखर पुरवठ्याइतकंच, म्हणजे २४ व्होल्ट. त्याला २ च्या वर्गमुळाने भागलं की आरएमएस, म्हणजे पॉवरच्या हिशोबात धरायचं परिणामी व्होल्टेज, येतं १७ च्या आसपास. त्याचा वर्ग भागिले ४ ओहम, म्हणजे ७२ वॅट. सगळं आदर्श असतं, चिपमध्ये आणि कॉइलमध्ये काहीच वाया गेलं नसतं, तरी शुद्ध साइन लहरीवर ७२ च्या वर हा बोर्ड जाऊ शकत नाही. ८ ओहमवर तर ३६. शंभरचा आकडा येतो तो लहर कापून चौकोनी झाल्यावर, तेव्हा तो आवाज नसतो, फाटका गोंगाट असतो. विकत घेण्याआधी दुकानातच मोबाइलवर एवढा गुणाकार-भागाकार करा.

पण कागदावरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा झाली. बोर्ड प्रत्यक्षात काय देतो ते मोजावंच लागतं. आणि इथे असा स्विचिंग, म्हणजेच क्लास डी ॲम्प्लिफायर जुन्या क्लास एबी ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरपेक्षा वेगळा वागतो. तो मोजणाऱ्या यंत्रालाच फसवतो. म्हणून या लेखात मी पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाकडे येणार आहे: पडद्यावर दिसतोय तो आकडा ॲम्प्लिफायरचा, की आपल्या मोजयंत्राचा?

आत काय चाललंय

क्लास डी मधला "डी" म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी नंतरचं अक्षर, इतकंच. कल्पना जुनी आहे, १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये सिंक्लेअरने एक्स-१० नावाचा असा ॲम्प्लिफायर विकायला काढला होता. आतले मॉसफेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. ते सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात आणि गाण्याची लहर त्या ठोक्यांच्या रुंदीत लपलेली असते. शेवटी कॉइल आणि कपॅसिटर हे ठोके गुळगुळीत करतात आणि गाणं बाहेर येतं.

गुळगुळीत करतात, पुसून टाकत नाहीत. नेहमीच्या बोर्डावर १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, त्यांची कटऑफ, म्हणजे जिच्या वरचं दाबलं जातं ती फ्रिक्वेन्सी, ६१ किलोहर्ट्झला पडते. स्विचिंग ४०० किलोहर्ट्झला असेल तर हा फिल्टर त्याला साधारण ४३ पटींनी दाबतो. दोन्ही टोकं उलटसुलट स्विच होणाऱ्या बोर्डावर २४ व्होल्टचा ठोका एवढा दाबूनही अर्धा व्होल्ट उरतोच. गाणं बंद असतानाही. आता असं बघा, ४ ओहमवर १ वॅट म्हणजे २ व्होल्ट. २ व्होल्टच्या सिग्नलवर अर्धा व्होल्ट कॅरिअर, म्हणजे हा उरलेला स्विचिंगचा ठोका, बसला असेल आणि मीटरने तो सरसकट मोजला, तर तो २५ टक्के डिस्टॉर्शन (मूळ सुरात मिसळलेला बिघाड) दाखवेल. कानाला त्यातलं काहीही ऐकू येत नाही.

टेबलावर काय हवं

दोन चॅनलचा स्कोप (लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप), ट्रू आरएमएस मल्टिमीटर, बॅलन्स्ड इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, आणि आरईडब्ल्यू म्हणजे रूम इक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पुरवठ्याचा करंट बघायला एक डीसी ॲमीटर. बाकीचं घरी बनवायचं. लाखो रुपयांचा ॲनलायझर हाताशी असेल तर उत्तम, पण त्यालाही खाली सांगितलेल्या फिल्टरची गरज लागतेच. ऑडिओ प्रिसिजनसारखी कंपनी स्विचिंग ॲम्प्लिफायरसाठी ॲनलायझरच्या आधी लावायचा वेगळा फिल्टर-डबा विकते, तो याच कारणासाठी.

पहिली पायरी: डमी लोड

स्पीकर लावून पॉवर मोजायची नाही, त्याच्या जागी रेझिस्टर लावायचे, तोच डमी लोड. स्पीकरचा इम्पिडन्स (ओहममधला अडथळा) दर फ्रिक्वेन्सीला बदलतो, आणि १ किलोहर्ट्झचा सूर पूर्ण जोरात दोन मिनिटं वाजवला तर स्पीकर जळू शकतो. ८ ओहम १०० वॅटचे ॲल्युमिनियम कवचाचे रेझिस्टर घ्या, दोन समांतर जोडले की ४ ओहम. हे रेझिस्टर हीटसिंकवर स्क्रूने कसलेले असले तरच लिहिलेले वॅट झेलतात. नुसते टेबलावर ठेवले तर निम्म्याहून कमी. मधे हीटसिंक पेस्ट लावा. रेझिस्टर गरम झाल्यावर मल्टिमीटरने पुन्हा एकदा ओहम बघा आणि हिशोबात तोच आकडा घ्या.

काही छोट्या बोर्डांवर कॉइल नसतेच, ते स्पीकरच्याच कॉइलवर भिस्त ठेवतात. त्यांच्यासाठी नुसता रेझिस्टर लावणं चूक आहे. रेझिस्टरबरोबर ३३ किंवा ६८ मायक्रोहेन्रीची कॉइल मालिकेत घाला, आणि ती अशी घ्या की पूर्ण करंटला तिचा कोअर चुंबकत्वाने भरून जाणार नाही.

दुसरी पायरी: ग्राउंडची क्लिप हातात धरून थांबा

या पायरीवर मी स्वतः एक बोर्ड गमावला आहे. सवयीने स्कोपच्या प्रोबचं टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला आणि मगरतोंडी क्लिप काळ्या टर्मिनलला लावली. एक बारीक 'टक' आवाज, काळी पडलेली चिप, आणि खोलीभर तो ओळखीचा जळका वास. ब्रिज जोडणीत काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. दोन्ही टर्मिनल पुरवठ्याच्या निम्म्यावर, २४ व्होल्टच्या बोर्डावर १२ व्होल्टवर तरंगत असतात. स्कोपची क्लिप मात्र तीन पिनच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते. लॅपटॉपच्या वाटेने किंवा एसएमपीएसच्या वाटेने ते अर्थिंग बोर्डापर्यंत आलेलं असेल, तर ती क्लिप म्हणजे सरळ शॉर्ट.

म्हणून दोन प्रोब वापरा. एकाचं टोक लालवर, दुसऱ्याचं काळ्यावर, दोन्ही क्लिपा पुरवठ्याच्या उण्या टोकाला. स्कोपवर एकातून दुसरं वजा करा. स्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढून काम भागवू नका, त्यात स्कोपची धातूची बॉडी जिवंत होऊ शकते.

पहिल्यांदा बोर्ड चालू करताना इनपुट शॉर्ट करा, लोड जोडू नका, आणि दोन टर्मिनलांमधलं डीसी मोजा. चांगल्या बोर्डावर ते काही मिलिव्होल्टच असतं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पुढे जायचं नाही. मग स्कोपवर उरलेला कॅरिअर बघा आणि त्याची फ्रिक्वेन्सी वहीत लिहून ठेवा, शेवटी ती कामाला येणार आहे.

तिसरी पायरी: फिल्टर, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे

ऑडिओ इंटरफेसचं इनपुट ऑप-ॲम्प नावाच्या साध्या ॲम्प्लिफायर चिपवर चालतं. नामांकित ५५३२ घ्या, त्याचा स्ल्यू रेट, म्हणजे व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला ९ व्होल्ट. कॉइल नसलेल्या बोर्डावर २४ व्होल्टची कडा समजा २० नॅनोसेकंदांत चढली, तर तो वेग झाला मायक्रोसेकंदाला १२०० व्होल्ट. ऑप-ॲम्पला ते पेलत नाही. तो मागे पडतो, वाकडा होतो, आणि त्या वाकडेपणातून जे हार्मोनिक (गाण्याच्या सुराच्या पटींतले सूर) तयार होतात ते थेट ऐकू येण्याच्या पट्ट्यात पडतात. पुढे सॉफ्टवेअरमध्ये कितीही कडक फिल्टर लावा, ती घाण निघत नाही, कारण ती आता खरा सिग्नल बनली आहे. म्हणून कॅरिअर आत शिरायच्या आधी दारातच अडवायचा.

मी जो पॅड वापरतो तो व्होल्टेज कमी करण्याचं आणि कॅरिअर गाळण्याचं काम एकत्र करतो. लाल टर्मिनलपासून ९.१ किलोओहम मालिकेत. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १ किलोओहम आणि त्याला समांतर ५.६ नॅनोफॅरड. काळ्या टर्मिनललाही हुबेहूब असंच. ती दोन पुढची टोकं इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटच्या दोन पिनांना, आणि पॅडचं ग्राउंड पुरवठ्याच्या उण्याला व इनपुटच्या ग्राउंड पिनला. व्होल्टेज साधारण दहावा हिस्सा होतं, कटऑफ ३१ किलोहर्ट्झच्या जवळ येते, आणि ४०० किलोहर्ट्झ आणखी २२ डीबी, म्हणजे साधारण साडेबारा पटींनी, खाली जातं. १७ व्होल्टच्या पूर्ण सिग्नलचे इनपुटला पावणेदोन व्होल्टच पोचतात, बहुतेक इंटरफेस ते सहज घेतात.

तीन गोष्टींत काटकसर करू नका. रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्मचे हवेत आणि दोन्ही बाजूंचे मल्टिमीटरने जुळवून घेतलेले. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलिनचा किंवा सीझीरोजी सिरॅमिकचा हवा. एक्स७आर जातीचा सिरॅमिक व्होल्टेजप्रमाणे आपली क्षमता बदलतो आणि स्वतःच डिस्टॉर्शन तयार करतो. आणि हे सगळं धातूच्या छोट्या डब्यात बसवा, ॲम्प्लिफायरच्या कॉइलपासून हातभर लांब. इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं फँटम (मायक्रोफोनसाठीचा पुरवठा) बंद आहे याची जोडण्याआधी खात्री करा.

उरलेलं गाळण्याचं काम इंटरफेस स्वतः करतो. एईएस१७ या मापन-मानकात जो फिल्टर सांगितला आहे तो २० किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि २४ च्या पुढे किमान ६० डीबी खाली असा कडक आहे. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर चालणाऱ्या चांगल्या इंटरफेसचा डिजिटल फिल्टर जवळपास तसंच काम करतो. म्हणजे बाहेर साधा रेझिस्टर-कपॅसिटर, आत कडक डिजिटल, आणि सॉफ्टवेअरमध्ये हिशोबाची मर्यादा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ.

आता कसोटी. इतकं करूनही आकडा कुणाचा हे कसं कळणार? ॲम्प्लिफायर ५ वॅटवर चालू ठेवा आणि डिस्टॉर्शन टिपा. मग पॅडमधले दोन्ही ५.६ नॅनोफॅरडचे कपॅसिटर दुप्पट नॅनोफॅरडचे करा आणि पुन्हा टिपा. मूळ १ किलोहर्ट्झचा सूर आणि त्याचे खालचे हार्मोनिक जवळपास तेवढेच राहायला हवेत. दुसरा-तिसरा हार्मोनिक लक्षात येण्याइतका खाली गेला तर तो ॲम्प्लिफायरचा नव्हता, तुमचं इनपुट कॅरिअरखाली दबत होतं. कपॅसिटर तसेच दुप्पट ठेवा आणि काम पुढे न्या, वरच्या फ्रिक्वेन्सीत होणारी घट नंतर वजा करता येते. इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शनही एकदा मोजा. ते ०.००३ टक्के असेल, तर ०.००२ चा ॲम्प्लिफायर तुम्हाला मोजता येणार नाही, हे मान्य करून चाला.

चौथी पायरी: व्होल्टची खूण पक्की करा

१२० हर्ट्झचा सूर सोडा, लोडवर मल्टिमीटरने व्होल्ट बघा, आणि सॉफ्टवेअरला सांगा की हा आकडा एवढा. १ किलोहर्ट्झवर कॅलिब्रेशन करायचा मोह टाळा, कारण स्वस्त मल्टिमीटर काहीशे हर्ट्झच्या पुढे भरवशाचे नसतात. मल्टिमीटरलाही कॅरिअर फसवतो, म्हणून कॅलिब्रेशन ८-१० व्होल्टवर करा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या कॅरिअरचा वाटा नगण्य होतो, कारण आरएमएसमध्ये वर्गांची बेरीज होते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून टाका. निम्मी गुणगुण तिथेच थांबते.

पाचवी पायरी: पॉवर आणि डिस्टॉर्शन

१ किलोहर्ट्झचा सूर, ४ ओहम. २ व्होल्ट म्हणजे १ वॅट, ६.३ म्हणजे १०, १० म्हणजे २५, १४.१ म्हणजे ५०. प्रत्येक टप्प्यावर डिस्टॉर्शन टिपा आणि जिथे ते १ टक्क्याला पोचतं तिथे थांबा. तीच तुमची पॉवर. चिपच्या कागदावर बऱ्याचदा १० टक्के डिस्टॉर्शनची पॉवर ठळक छापलेली असते, ती १ टक्क्याच्या आकड्यापेक्षा साधारण चौथ्या हिश्शाने जास्त दिसते. अमेरिकेत या आकड्यांच्या खेळावर १९७४ पासून सरकारी नियम आहे, आणि २०२४ च्या सुधारणेत ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी डिस्टॉर्शन अशा अटी घातल्या. आपल्याकडे डब्यावर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा, लिहिण्याची सवय किती मुरली आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. निदान तुमच्या वहीत लोड, डिस्टॉर्शन आणि किती चॅनल चालू होते या तीन गोष्टींशिवाय वॅटचा आकडा लिहू नका.

मंडळाच्या बोर्डावर एकच चॅनल चालवला तेव्हा १५.२ व्होल्टला १ टक्का आला, म्हणजे ५८ वॅट. ७२ मधले १४ चिपच्या आणि कॉइलच्या रेझिस्टन्समध्ये गेले, हे रास्त आहे. मग दुसरा चॅनल चालू केला. एका चॅनलमागे ३० वॅट होण्याच्या सुमारास पुरवठा २४ वरून खाली घसरू लागला आणि एसएमपीएस बंद-चालू, बंद-चालू व्हायला लागला. त्याच्या तळावरची चिठ्ठी वाचली, २४ व्होल्ट ३ अँपिअर. म्हणजे एकूण ७२ वॅट, त्यातले ८७ टक्के स्पीकरकडे गेले तरी ६२, दोघांत ३१. बोर्ड निर्दोष होता, फाटत होता तो पुरवठा. एकच चॅनल मोजून मी थांबलो असतो तर त्या पोराला चुकीचं उत्तर देऊन पाठवलं असतं.

डिस्टॉर्शनचा आलेखही नीट बघा. क्लास एबीमध्ये पॉवर वाढेल तसं ते खाली येत जातं आणि क्लिपिंगला, म्हणजे लहर कापली जायला लागली की, एकदम उसळतं. क्लास डीमध्ये मधेच फुगवटा दिसतो. वरचा आणि खालचा मॉसफेट एकाच वेळी चालू राहून शॉर्ट होऊ नये म्हणून दोघांच्या मधे काही नॅनोसेकंदांची विश्रांती ठेवतात, तिला डेड टाइम म्हणतात. स्पीकरचा करंट कॉइलमधल्या कॅरिअरच्या करंटपेक्षा मोठा झाला की त्या विश्रांतीचा परिणाम लहरीत उमटू लागतो, आणि तिथपासून डिस्टॉर्शन चढतं. हा फुगवटा साधारण गाणं ऐकतो त्याच पॉवरला येतो, म्हणून पूर्ण पॉवरच्या एका आकड्यापेक्षा १ ते १० वॅटमधला आलेख मला जास्त मोलाचा वाटतो.

सहावी पायरी: वरचे सूर

१ किलोहर्ट्झवर सगळेच बोर्ड चांगले दिसतात. ६.६७ किलोहर्ट्झपर्यंत जा, त्याचा तिसरा हार्मोनिक २० ला पडतो, म्हणजे तो अजून हिशोबात आहे. त्याच्या वर गेलात की तिसरा हार्मोनिक मर्यादेबाहेर जातो आणि आकडा सुधारल्यासारखा दिसतो. ती सुधारणा खोटी आहे. म्हणून वरच्या टोकाला एका सुराऐवजी दोन सूर वापरा, १९ आणि २० किलोहर्ट्झ, समान जोराचे. ॲम्प्लिफायर सरळ असेल तर १ किलोहर्ट्झला काहीच दिसणार नाही. जे दिसेल ते दोन सुरांच्या भांडणातून जन्मलेलं. झांजा आणि टाळांचा आवाज काही बोर्डांवर किरकिरा का होतो याचं उत्तर मला बहुतेक वेळा याच मोजमापात सापडलं आहे.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स ४ आणि ८ ओहम दोन्हीवर घ्या. १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा तोच फिल्टर ८ ओहमवर २० किलोहर्ट्झला जवळपास अर्धा डीबी उचलतो आणि ४ ओहमवर पाऊण डीबी पाडतो. एकच बोर्ड, स्पीकर बदलला की वरचा स्वर बदलला. ज्या डिझाइनमध्ये फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटमधून परत नेलेला सिग्नल) कॉइलच्या पुढून घेतलेला असतो तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. ब्रूनो पुत्झेय्स यांनी फिलिप्समध्ये असताना विकसित केलेलं यूसीडी हे क्लास डी डिझाइन त्याच जातीचं. ५.६ नॅनोफॅरडच्या पॅडची स्वतःची घट, १० किलोहर्ट्झला ०.४ आणि २० ला दीड डीबी, वजा करायला विसरू नका.

सातवी पायरी: खरखर

इथे कूलर बंद करावा लागतो. पंपासकट. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे असताना बंद खोलीत कूलरशिवाय बसणं ही शिक्षाच, म्हणून मी हे मोजमाप पहाटे उरकतो. इनपुट शॉर्ट करा आणि पॅड बदला. दहाव्या हिश्शाचा पॅड इंटरफेसची स्वतःची खरखर दहापट मोठी करून दाखवतो. त्याऐवजी प्रत्येक बाजूला १ किलोओहम आणि ५.६ नॅनोफॅरड एवढंच ठेवा. कटऑफ २८ किलोहर्ट्झला येते आणि व्होल्टेज कमी होत नाही. हा पॅड लावलेला असताना चुकूनही मोठा सिग्नल सोडू नका, इंटरफेसचं इनपुट जाईल. १०० मायक्रोव्होल्ट खरखर आणि २० व्होल्टची पूर्ण पातळी असेल तर अंतर १०६ डीबी. ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरणारा फिल्टर) लावलं असेल तर तसं लिहा, आकडा त्याने गोड होतो.

काही चिपा सिग्नल नसला की झोपी जातात आणि खरखर अवास्तव कमी दिसते. त्यांना जागं ठेवून मोजायची युक्ती एईएस१७ मध्येच आहे. ९९७ हर्ट्झचा सूर पूर्ण पातळीच्या ६० डीबी खाली चालू ठेवायचा, मग तो गणितातून वगळून उरलेलं मोजायचं.

आठवी पायरी: पुरवठ्याची घाण

साध्या क्लास डीमध्ये आउटपुट पुरवठ्याच्या थेट प्रमाणात असतं. पुरवठा हलला की आवाज हलला. फीडबॅक ते दाबतो, किती ते बघायचं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेले हेलकावे) १०० हर्ट्झला असतो. ब्रिज बोर्डावर गाणं बंद असताना तो दोन्ही टोकांवर सारखाच येतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो, म्हणून शांत अवस्थेतलं मोजमाप फसवं. १ किलोहर्ट्झचा सूर २५ वॅटला चालू ठेवा आणि ९०० व ११०० हर्ट्झला बघा. मूळ सुराच्या दोन्ही अंगांना उभे असलेले ते दोन बारीक काटे म्हणजे पुरवठ्याची घाण गाण्यात मिसळल्याची खूण.

दुहेरी पुरवठ्यावरचे, एका टर्मिनलला खरं ग्राउंड असलेले आयआरएस २०९२ जातीचे बोर्ड असतील तर आणखी एक परीक्षा आहे. २० हर्ट्झचा सूर निम्म्या पॉवरला सोडा आणि स्कोप पुरवठ्याच्या धन आणि ऋण रेलवर (पुरवठ्याच्या तारांवर) ठेवा. अशा बोर्डात कॉइल ऊर्जा उलटी पुरवठ्यात ढकलते आणि रेलचं व्होल्टेज फुगतं. ६३ व्होल्टचे कपॅसिटर ५५ व्होल्टवर बसवलेले असतील तर हे फुगणं धोक्याचं. दोन चॅनलपैकी एकाचं इनपुट उलटं करून त्याच्या स्पीकरच्या तारा उलट्या लावल्या की दोघं एकमेकांची ऊर्जा खातात आणि रेल शांत होते.

नववी पायरी: उष्णता

दोन चॅनल, प्रत्येकी २५ वॅट, पुरवठा २४ व्होल्ट आणि करंट २.४ अँपिअर, म्हणजे आत ५७.६, बाहेर ५०, कार्यक्षमता ८७ टक्के. उरलेले साडेसात वॅट हीटसिंकमधून बाहेर पडायचे. दर वॅटला ४ अंश तापणारा हीटसिंक असेल तर तो खोलीपेक्षा ३० अंश वर जातो. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांच्या खोलीत तो ४५ ला राहील, मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ७२ ला. मॉसफेट तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि तो आणखी तापतो. म्हणून तापमानाचं मोजमाप खोलीचा आकडा शेजारी लिहिल्याशिवाय अर्धवट आहे. पूर्ण पॉवरची साइन तासभर चालवायची गरज नाही, गाण्याची सरासरी त्याच्या बरीच खाली असते. मी पूर्ण पॉवरच्या आठव्या हिश्शावर एक तास चालवतो आणि मग लगेच पाचवी पायरी पुन्हा करतो.

शेवटची पायरी: खिशातला रेडिओ

मध्यम लहरींचा छोटा रेडिओ घ्या, तो नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झवर लावा आणि चालू ॲम्प्लिफायरपासून हळूहळू लांब न्या. स्विचिंगमुळे रेडिओत येणारी शिट्टी किती हातांवर थांबते ते टिपा. बोर्डाची फ्रिक्वेन्सी ३०० असेल तर तिचा दुसरा हार्मोनिक ६००, स्टेशनपासून अवघ्या १५ किलोहर्ट्झवर. दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेली फ्रिक्वेन्सी इथे उपयोगी पडते. टीपीए ३११६ सारख्या चिपांवर पिनांच्या जोडणीने ती ४०० ते १२०० किलोहर्ट्झमध्ये बदलता येते, ती सोय रेडिओसाठीच दिलेली आहे. स्पीकरच्या तारा लांब असतील तर त्याच अँटेना बनतात, म्हणून परीक्षा खऱ्या तारा लावून करा. टेबलावर दोन फूट तारेने शांत असलेला बोर्ड मंडपात वीस मीटर तारेने बाजूच्या घरातला रेडिओ बंद पाडू शकतो.

मंडळाच्या त्या डब्यात आम्ही २४ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस बसवला, पाचवी आणि नववी पायरी पुन्हा केली, आणि १०० प्लस १०० वर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने लिहिलं: ५८ वॅट, ४ ओहम, १ टक्का, दोन्ही चॅनल चालू, खोली ३१ अंश.